दोन हिरवी इंजिने

पोलीस ठाणे, अहमदनगर शहर
दिनांक २४ ऑक्टोबर १९७३, वेळ सकाळी ११ वाजून १० मिनिटे

नाव सौ. अंबिका भ्र. शामकांत मुळे, वय ४३ वर्षे, धंदा शिक्षिका, राहणार सावेडी, अहमदनगर.

मी कोणी बोलावणे न पाठवता आपण होऊन ठाण्यात हजर झाले असून समक्ष सांगते की, मी वरील ठिकाणी पती श्री. शामकांत नृसिंह मुळे यांच्यासह राहते. मुलगी लीना पुण्यास कॉलेजात असते. माझे पती सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहेत. त्यांनी परवा सायंकाळी गहिनीनाथ दरंदले मिस्त्री याच्याविरुद्ध इंजिनचोरीची फिर्याद दिली, ती मला आज येथे ठाण्यात वाचून दाखवली. तीत साक्षीदार म्हणून माझे नाव घातले आहे. घालण्यापूर्वी मला विचारले नव्हते. ते सध्या बाहेर व्हरांड्यातील बाकावर बसलेले आहेत. यापुढे त्यांचा उल्लेख 'फिर्यादी' असा करावा लागेल असे हवालदारसाहेब म्हणाले. माझी हरकत नाही.

आमच्याकडे १९५८ सालची काळी अँबॅसडर गाडी आहे. ती माझे सासरे कै. डॉ. नृसिंह मुळे यांनी नवी घेतली होती. गेल्या वर्षापासून तिचे इंजिन तेल पिऊ लागले व मागून निळा धूर येऊ लागला. उन्हाळ्यात जामखेडला लग्नाला जाताना मागच्या टेम्पोवाल्याने गाडी शेजारी आणून "काका, आत धुरी घातलीय का?" असे विचारले. त्यानंतर दोन दिवस फिर्यादी जेवताना काही बोलले नाहीत.

पुण्यात एक कारखाना जुनी इंजिने पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून नव्यासारखी करून देतो. त्यास रिकंडिशन इंजिन म्हणतात. ते घेतले की आपले जुने इंजिन कारखान्यास परत द्यावे लागते. फिर्यादींनी असे एक इंजिन मागवले. ते गॅरेजमध्ये न बसवता घरी आमच्या पोर्चमध्ये बसवावे असे त्यांनी ठरवले. कारण विचारता ते म्हणाले, "गॅरेजात गाडी सोडली की आतला माल कधी बदलला जातो ते कळत नाही. घरी माझ्या डोळ्यांसमोर होईल."

बुधवार दिनांक ३ रोजी इंजिन लाकडी खोक्यातून आले. त्यास बाटलीसारखा हिरवा रंग होता व तारेने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. चिठ्ठीवर इंग्रजीत कारखान्याचा शिक्का व इंजिनाचा नंबर होता. शेवटचे आकडे ६२०८. सोबतच्या कागदात, जुने इंजिन आठ दिवसांत 'स्वच्छ स्थितीत' परत करावे, अशी अट होती. फिर्यादींनी त्या दोन शब्दांखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली.

गुरुवारी गहिनीनाथ मिस्त्री याने तीन वाशांचे तिकाटणे उभे करून त्यास साखळीची कप्पी अडकवली व चार माणसांच्या मदतीने जुने इंजिन गाडीतून बाहेर काढले. सकाळी नऊला सुरू झालेले काम दिवेलागणीस संपले. आळीतील बरीच मंडळी आपापल्या खुर्च्या घेऊन आली होती. हे मुद्दाम सांगते, कारण इंजिन गाडीतून काढणे हे खिशातून पाकीट काढण्यासारखे काम नाही हे फिर्यादींनाही ठाऊक आहे. ते त्या दिवशी साखळीच्या खाली उभे राहून "सावकाश, सावकाश" असे सांगत होते. कार्ब्युरेटर, डायनॅमो वगैरे वरचे भाग सोडवून बाजूला ठेवले. त्यामुळे पोर्चमध्ये आता दोन उघडी इंजिने शेजारी शेजारी होती. डावीकडे नवे, ते हिरवे. उजवीकडे जुने, ते काळे.

शुक्रवारी खंडेनवमी होती. गहिनीनाथ सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, आईस बरोबर घेऊन आला. त्याच्या आईचे नाव राहीबाई. त्याने आपले सगळे पाने आमच्याच पोर्चमध्ये पाटावर मांडले व त्यांची पूजा केली. फिर्यादी म्हणाले, "झाली ना पूजा? आता कामाला लाग." तो म्हणाला, "सायेब, पान्याला आज सुट्टी हाय. पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्यापत्तुर हात लावायचा न्हाई. उद्या सोनं लुटलं की पहिला पाना तुमच्याच गाडीला." फिर्यादी म्हणाले, "कारखान्याच्या कागदात आठ दिवस लिहिलेत. त्यात खंडेनवमी धरलेली नाही." तो म्हणाला, "मंग कागदालाच सांगा, नट सोडाय." राहीबाईने त्यास गप्प राहण्यास सांगितले. मी आत जाऊन हसले.

काम नसल्याने फिर्यादींनी जुने इंजिन स्वच्छ करावयास घेतले. रॉकेल व काथ्या घेऊन सकाळी दहापासून ते पंधरा वर्षांचा चिकटा काढत होते. इंजिन स्वच्छ झाले तेव्हा त्यांना ते उघडेबोडके वाटू लागले. ते सायकलवर बाजारात गेले व तीन दुकाने फिरून हिरवा रंग घेऊन आले. नव्या इंजिनाशी रंग जुळावा म्हणून त्यांनी नव्या इंजिनावरचा खपला पाकिटात घालून नेला होता. मी विचारले, "अहो, परतच द्यायचंय ना? रंग कशाला?" ते म्हणाले, "पुण्याच्या लोकांना कळलं पाहिजे, नगरची माणसं वस्तू कशी परत करतात." हे जुने इंजिन माझ्या सासऱ्यांच्या हातचे होते. पुरणपोळी फिर्यादींनी पोर्चमध्येच डाव्या हाताने खाल्ली, उजव्या हातात ब्रश होता. रंगाचे दोन हात दिले. त्यात जुन्या इंजिनाचा नंबर बुजला.

सायंकाळी सहा वाजता मी इंजिनाची पूजा करण्यास आले. फिर्यादी म्हणाले, "फक्त नव्याची कर." मी म्हणाले, "पंधरा वर्षं राबलं ते. जाताना त्याला कुंकू नको?" राहीबाई म्हणाली, "म्हाताऱ्याला आधी लावा, बाई." तेव्हा दोघांची पूजा ठरली. पूजेच्या वस्तूचे तोंड पूर्वेस पाहिजे हे मी सांगितले. इंजिनाचे तोंड कोणते यावर अर्धा तास चर्चा झाली. फिर्यादींचे मत होते की गिअरकडची बाजू हे तोंड. गहिनीनाथ म्हणाला, "पंख्याकडलं तोंड, सायेब. वारा नाकानंच घेत्यात." त्याप्रमाणे आळीतल्या चार जणांनी दोन्ही इंजिने उचलून फिरवून पाटांवर ठेवली. फिरवताना त्यांच्या जागा बदलल्या. ते त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही. पूर्वेचा आग्रह माझा होता, हे लिहून घ्यावे.

निरांजनाने पुठ्ठा पेटेल म्हणून चिठ्ठी फिर्यादींनी स्वतः सोडली व सदऱ्याच्या खिशात ठेवली. मी दोन्ही इंजिनांस हळद, कुंकू, अक्षता व झेंडूचे हार घातले. ती जुळ्यांसारखी दिसत होती.

शनिवारी दसरा. सोने वाटून झाल्यावर गहिनीनाथ कामास आला. फिर्यादींनी खिशातील चिठ्ठी काढून डावीकडील इंजिनास बांधली व "हे नवे, हे बसव" असे सांगितले. मी त्या वेळी आपट्याची पाने घेऊन दारात उभी होते. पुढील बोलणे मी स्वतः ऐकले आहे.

गहिनीनाथने इंजिन हाताने फिरवून पाहिले व म्हणाला, "सायेब, लई सैल फिरतंय. नवं असं फिरत न्हाई."

फिर्यादी म्हणाले, "त्यात तेल भरपूर घातलेलं असतं."

तो थोडा वेळ खाली वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, "ह्यो मागल्या अंगाचा बोल्ट मीच दोन सालामागं घासून बशिवलेला हाय. ह्ये आपलंच म्हातारं हाय, सायेब."

फिर्यादी म्हणाले, "गहिनीनाथ, ही चिठ्ठी दिसते का? त्यावर काय लिहिलंय, वाच बरं."

त्यास इंग्रजी वाचता येत नाही हे फिर्यादींना माहीत होते.

फिर्यादी म्हणाले, "मी पंचवीस वर्षं कागद वाचतोय. कागदावर आहे ते खरं."

गहिनीनाथने माझ्याकडे पाहिले. मी पाने घेऊन आत गेले. नंतर त्याने सांगितल्याप्रमाणे ते इंजिन बसवले. काम चोख केले. दुसरे इंजिन खोक्यात घालून सोमवारी पुण्याच्या टेम्पोने परत गेले. खोक्यास खिळे फिर्यादींनी स्वतः ठोकले.

नवे इंजिन पहिले पाचशे मैल सावकाश चालवावे लागते. म्हणून फिर्यादींनी मागच्या काचेस आतून कागद चिकटवला. त्यावर सुवाच्य अक्षरात 'नवे इंजिन. सावकाश चालत आहे. कृपया पुढे जावे' असे लिहिले. पुढील पंधरा दिवस आम्ही ताशी वीस मैलांनी हिंडलो. सावेडीच्या रस्त्यावर दूधवाला गोरक्षनाथ सायकलला दोन किटल्या लावून आमच्या बाजूस आला आणि "काका, जाऊ का कृपया पुढं?" असे विचारून गेला. फिर्यादींनी त्यास हात केला. ते आनंदात होते.

रविवार दिनांक १४ रोजी आम्ही सोनईस माझ्या मावशीकडे गेलो. इमामपूरच्या घाटात गाडी चढास लागताच तीन ठोके व नंतर खोकल्यासारखा एक आवाज आला. हा आवाज मी गेली अनेक वर्षे त्याच सीटवर बसून ऐकलेला आहे. फिर्यादी म्हणाले, "ऐक. काही ऐकू येतं?"

मी म्हणाले, "येतं."

"काय येतं?"

"ठोके."

"ते आपल्या रस्त्यांचे. इंजिन बघ कसं, लोण्यासारखं. अप्पा असते तर नुसते बसून राहिले असते गाडीत."

अप्पा म्हणजे माझे सासरे. मी त्यानंतर ठोक्यांबद्दल बोलले नाही. मागे पाहिले तेव्हा धूरही होता. मी मागे पुन्हा पाहिले नाही.

मंगळवार दिनांक १६ रोजी कारखान्याचे पोस्टकार्ड आले. ते आज हजर करीत आहे. मजकूर असा: 'आपले जुने इंजिन पोहोचले. स्थिती अत्युत्तम. इतकी निगा आम्ही आजवर पाहिली नाही. इंजिन नंबर अखेर ६२०८.' फिर्यादींनी ते कार्ड कचेरीत नेले. संध्याकाळी आळीत चार घरी मोठ्याने वाचले. शेवटचे वाक्य कोठेही वाचले नाही, कारण त्यात स्तुती नव्हती. रात्री त्यांनी कार्ड गाडीच्या आर.सी. बुकात ठेवण्यास माझ्याकडे दिले. त्या पुस्तकात ती पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. चिठ्ठीवर नव्या इंजिनाचा नंबर ६२०८, कार्डावर परत गेलेल्या इंजिनाचा नंबर ६२०८. म्हणजे नवे इंजिन पुण्यास परत गेले होते व आमच्या गाडीत जुनेच होते. चिठ्ठीही हजर करीत आहे.

त्याच वेळी पतीस का सांगितले नाही, असे विचारल्यावरून सांगते की, ते त्या दिवसांत सकाळी शीळ घालत दाढी करीत होते. सासरे गेल्यापासून ही शीळ मी ऐकलेली नव्हती. दुसरे कारण नाही.

शनिवार दिनांक २० रोजी दुपारी गहिनीनाथ नटबोल्ट आवळण्यास आला. फिर्यादी कचेरीत होते. फिर्यादीत लिहिले आहे की याच वेळी त्याने नवे इंजिन चोरून जुने बसवले. तो एकटा होता. सायकलवर आला व सायकलवर गेला. सायकलच्या कॅरिअरवर इंजिन नव्हते, पिशवी होती. तिच्यात मी दिलेल्या नारळाच्या दोन वड्या होत्या. एकूण वेळ एक तास, पैकी पंधरा मिनिटे चहा.

चहा घेताना तो म्हणाला, "वैनी, आता सायबास्नी सांगतो. चुकीचं काम माझ्या हातनं पडलंय, मला रातीचं जेवन जात न्हाई." मी म्हणाले, "दिवाळी होऊ दे, गहिनीनाथ. मग मीच सांगेन. तोवर कोणाला बोलू नकोस." तो म्हणाला, "तुमी म्हनता तर न्हाई बोलत." त्याने वचन दिले. ते मी मागून घेतले.

सोमवार दिनांक २२ रोजी फिर्यादी इंजिनाचा नवा नंबर पुस्तकात नोंदवण्यासाठी मोटार खात्याच्या इन्स्पेक्टरकडे गाडी घेऊन गेले. इन्स्पेक्टरांनी रुपयाच्या नाण्याने रंग खरवडला व विचारले, "मुळेसाहेब, बदल कसला नोंदवायचा? आकडा तोच आहे." मागे गाड्यांची रांग होती. रांगेत हसू झाले. मागच्या काचेवरचा कागद तोपर्यंत तसाच होता. हे सर्व मला रांगेत असलेल्या माझ्या शाळेतील एका पालकाकडून समजले. फिर्यादींनी घरी काही सांगितले नाही. त्यांनी कागद घेऊन फिर्यादीचे चार मसुदे केले. त्यात 'नवे इंजिन पंधरा दिवस उत्तम चालल्याची सर्व सावेडी साक्ष आहे' असे वाक्य आहे. सावेडीने पंधरा दिवस पाहिले ते मी वर सांगितले आहे.

काल मंगळवारी सकाळी गहिनीनाथ यास ठाण्यात आणले. ते मला काल संध्याकाळी कळले. राहीबाई मागील दारी आली. ती बसली नाही. म्हणाली, "बाई, त्यो तोंड उघडंना. पोलीस इचारत्यात, ह्यो म्हनतो, सायबास्नी इचारा. मी लई इनवलं तवा म्हनला, बाईंना सबूद दिलाय. कसला सबूद हो बाई? उद्याच्याला कोडतात नेत्याल, मंग कोडताला दिवाळीची सुट्टी. दिवाळीभर माझं लेकरू कोठडीत ऱ्हानार व्हय?" मी तिला आत येण्यास सांगितले. ती म्हणाली, "न्हाई. तुमी भाईर या."

मी रात्री फिर्यादींना चिठ्ठी व कार्ड दाखवले. त्यांनी दोन्ही पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. म्हणाले, "आता फिर्याद दिलेली आहे. माझी सही आहे खाली." मी म्हणाले, "मग?" ते म्हणाले, "हेडक्लार्कने दिलेला कागद खोटा ठरला तर कचेरीत काय राहील माझं?" मी म्हणाले, "गहिनीनाथचं काय राहील?" ते झोपावयास गेले. झोपले नाहीत.

आज सकाळी ठाण्यात येण्यापूर्वी मी तार ऑफिसात जाऊन कारखान्यास 'आमचे इंजिन उघडू नये, ते तुमचेच नवे आहे' अशी तार केली. तारबाबूने मजकूर दोनदा विचारला. मी घरून निघाले तेव्हा फिर्यादी माझ्या मागे पन्नास पावलांवर चालत होते. गाडी त्यांनी काढली नाही.

गहिनीनाथ दरंदले याने कोणतेही इंजिन चोरलेले नाही व बदललेले नाही. चुकीचे इंजिन बसवताना त्याने खरे ते सांगितले. ते माझ्या पतीने ऐकले नाही व मी ऐकूनही बोलले नाही. नंतर तो बोलणार होता, त्यास मी थांबवले. तो काल दिवसभर मार खाण्याच्या तयारीने गप्प बसला पण त्याने माझे नाव घेतले नाही, असे हवालदारसाहेबांनी मला आता सांगितले. यावर मला जे वाटते ते जबाबात लिहिता येत नाही असे ते म्हणाले, म्हणून लिहिलेले नाही. मी ते त्यास समक्ष सांगेन.

हा जबाब पाच पानांचा असून मी सांगितला तसाच लिहिला आहे. तीन ठिकाणी मी शुद्धलेखन दुरुस्त केले, तेथे माझी सही आहे. प्रथम तो मला दार लावून वाचून दाखवला. तो व्हरांड्यातील बाकापर्यंत ऐकू जात नसल्याने, माझ्या विनंतीवरून दार उघडून मोठ्या आवाजात दुसऱ्यांदा वाचला. चौथ्या पानावर फिर्यादी आत आले व "पुरे करा. मिस्त्रीला सोडा, फिर्यादीत माझी चूक आहे, तसे लिहून देतो," असे म्हणाले. त्यांना बसावयास खुर्ची दिली. राहिलेले पान मी वाचून पूर्ण करावयास लावले. ते बरोबर आहे.

सही
सौ. अंबिका शामकांत मुळे